त्रिएस्ते आणि इस्त्रिया: भाषेच्या मोजदादीवर आखलेली सीमा

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यातील सीमा कुठून न्यावी हे ठरवताना चार बड्या राष्ट्रांनी (अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ आणि फ्रान्स) भाषा हा मुख्य निकष मानला. निकष कागदावर मांडणे सोपे होते. त्याप्रमाणे रेषा आखणे अवघड गेले, आणि रेषा आखून झाल्यावर तिच्या दोन्ही अंगांना राहिलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न पुढे जवळजवळ तीस वर्षे रेंगाळला. १९४५ ते १९७५ या काळात कोणते निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि त्या-त्या वेळी हाताशी दुसरे काय होते, हे या टिपणात मांडले आहे. राजकीय व्यक्तींची नावे सार्वजनिक नोंदीतील आहेत. सामान्य रहिवाशांविषयी नाव न घेता लिहिले आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: सीमेच्या जागेपेक्षा अधिक नुकसान नागरिकत्वाच्या पर्यायाला गाव सोडण्याची टांगती अट जोडल्याने आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांचा तपशील सात वर्षे उशिरा आल्याने झाले.

पार्श्वभूमी

एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकावरचा हा मुलूख १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. इस्त्रिया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कापोदिस्त्रिया, पिरानो, रोविन्यो, पोला ही गावे त्याआधी कित्येक शतके व्हेनिसच्या सत्तेखाली होती आणि तिथली बोली व्हेनिसच्या बोलीशी सख्खे नाते सांगणारी होती. त्रिएस्ते हे बंदर मात्र १३८२ पासूनच ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे होते; तिथे हीच बोली रुजली ती मुख्यतः व्यापारामुळे. किनारा सोडून आत गेले की चित्र पालटत असे. उत्तरेकडील खडकाळ पठारावरची खेडी स्लोव्हेनियन बोलणारी, इस्त्रियाच्या अंतर्भागातील खेडी बहुतांशी क्रोएशियन बोलणारी. या विभागणीला वर्गाचीही किनार होती. बाजार, कचेरी आणि जमिनीची मालकी यांची भाषा इटालियन, तर शेतावर राबणाऱ्यांची भाषा स्लाव्ह (म्हणजे स्लोव्हेनियन वा क्रोएशियन), असा सर्वसाधारण ढाचा होता. अपवाद भरपूर होते. बाजाराच्या दिवशी इटालियनमध्ये सौदा करणारा आणि घरी परतल्यावर क्रोएशियनमध्ये बोलणारा माणूस इथे दुर्मिळ नव्हता. या प्रदेशाला ‘व्हेनेत्सिया जूलिया’ हे नाव १८६३ साली आस्कोली या भाषाशास्त्रज्ञाने सुचवले. तो स्वतः याच भागातल्या गोरित्सियाचा. प्रदेशाचे नावच भाषाशास्त्रज्ञाने ठेवावे, यात पुढच्या वादाची चाहूल लागते.

१९१० सालच्या ऑस्ट्रियन जनगणनेत ‘नेहमीच्या व्यवहाराची भाषा’ कोणती, असा प्रश्न होता. बेटांसह संपूर्ण इस्त्रिया प्रांतात सुमारे १ लाख ४७ हजार लोकांनी इटालियन, १ लाख ६८ हजारांनी क्रोएशियन अथवा सर्बियन आणि ५५ हजारांनी स्लोव्हेनियन भाषा नोंदवली. त्रिएस्ते शहरात मोजणी इटालियन नेतृत्वाखालील नगरपालिकेने केली आणि स्लोव्हेनियन भाषकांचा आकडा ३७ हजारांच्या आसपास निघाला. तक्रारी झाल्या, सरकारने फेरतपासणी केली, तेव्हा तोच आकडा सुमारे ५७ हजारांवर गेला. शहर तेच, माणसेही तीच. मोजणारा बदलल्याबरोबर वीस हजार माणसांची भाषा बदलली. पुढे पस्तीस वर्षांनी हीच जनगणना वाटाघाटींच्या टेबलावर सर्वांत विश्वासार्ह पुरावा म्हणून ठेवली गेली, हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या रापाल्लो तहाने हा मुलूख इटलीकडे आला आणि त्याबरोबर लाखो स्लोव्हेनियन व क्रोएशियन माणसेही आली. त्याच वर्षी १३ जुलै रोजी त्रिएस्तेमधील स्लोव्हेनियनांची सांस्कृतिक वास्तू ‘नारोद्नी दोम’ जाळण्यात आली. १९२३ च्या शिक्षणसुधारणेने स्लाव्ह भाषांतील शाळा टप्प्याटप्प्याने बंद पडल्या, आणि १९२७ पासून आडनावांना ‘मूळ इटालियन रूप’ देण्याचा कायदा या भागालाही लागू झाला. १९४१ मध्ये इटलीने जर्मनीबरोबर युगोस्लाव्हियावर आक्रमण केले. १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर आणि पुन्हा १९४५ च्या मे महिन्यात युगोस्लाव्ह पथकांनी इथल्या अनेक इटालियनांना पकडून ठार केले. पठारावरच्या खोल नैसर्गिक विवरांत प्रेते टाकली गेली. दोन्ही बाजूंच्या या आठवणी ताज्या असतानाच सीमेचा प्रश्न समोर आला.

प्रश्न नेमका काय होता

१ मे १९४५ रोजी युगोस्लाव्ह सैन्य त्रिएस्तेमध्ये शिरले, दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडची तुकडी पोहोचली. सुमारे चाळीस दिवस शहराचा कारभार युगोस्लाव्हांच्या हातात राहिला. ९ जून रोजी बेलग्रेडमध्ये करार झाला आणि ‘मॉर्गन रेषे’ने प्रदेशाची तात्पुरती वाटणी झाली: पश्चिमेला ब्रिटिश-अमेरिकन प्रशासन, पूर्वेला युगोस्लाव्ह. दक्षिण टोकावरचे पोला हे बंदर दोस्त राष्ट्रांकडेच राहिले, त्यामुळे ते जमिनीच्या बाजूने युगोस्लाव्ह क्षेत्राने वेढलेले बेट बनले.

सप्टेंबर १९४५ मध्ये लंडनला परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेने तत्त्व ठरवले: सीमा मुख्यतः वांशिक रेषेला धरून असावी आणि परक्या सत्तेखाली कमीत कमी माणसे राहावीत. तत्त्व ऐकायला न्याय्य आहे. अडचण अशी की, मोजणीचा घटक कोणता घ्यायचा यावर त्याचे उत्तर अवलंबून होते. शहर हा घटक धरला तर पश्चिम किनारा इटालियन ठरतो. शहर आणि त्याला भाजीपाला, लाकूड व मजूर पुरवणारा भोवतालचा मुलूख एकत्र धरला, तर तोच किनारा स्लाव्ह बहुसंख्येत बुडून जातो. ‘शहर हे मुलखाचे असते’ ही युगोस्लाव्हियाची भूमिका होती, ‘मुलूख शहरामुळे जगतो’ ही इटलीची. ‘खेडे हा घटक’ या मागणीशी पिढ्यान्पिढ्या परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा वाद नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी अडचण पुराव्याची होती. १९२१ ची इटालियन जनगणना युगोस्लाव्हियाला मान्य नव्हती, आणि १९४५ मध्ये युगोस्लाव्ह बाजूने केलेली मोजणी इटलीला. आडनावांवरून मूळ ओळखावे म्हटले, तर वीस वर्षे आडनावे बदलण्याचाच उद्योग चालला होता.

समोर असलेले पर्याय

१९४६ च्या मार्चमध्ये चार राष्ट्रांच्या तज्ज्ञांचे मंडळ प्रत्यक्ष पाहणीसाठी आले. गावागावांत भिंतींवर घोषणा रंगल्या, पताका लागल्या, मिरवणुका निघाल्या. पाहणी करणाऱ्यांना लोकमत दिसावे म्हणून लोकमत सजवले गेले. एकाच पाहणीतून परतलेल्या मंडळाने चार वेगवेगळ्या रेषा सुचवल्या. अमेरिकन रेषा सर्वांत पूर्वेकडे, म्हणजे इटलीला सर्वाधिक अनुकूल. ब्रिटिश रेषा तिच्याजवळची. सोव्हिएत रेषा इतकी पश्चिमेला की त्रिएस्तेसह त्यापलीकडचा भागही युगोस्लाव्हियाला जावा. फ्रेंच रेषेचा हिशोब वेगळा होता. दोन्ही बाजूंना परक्या राज्यात अडकणाऱ्या माणसांची संख्या साधारण सारखी राहावी, असे तिने धरले. ‘कमीत कमी माणसे परक्या सत्तेखाली’ हे मूळ तत्त्व इथे हळूच ‘दोघांची सारखीच माणसे परक्या सत्तेखाली’ असे झाले. वाटाघाटींच्या दृष्टीने ही चतुराई होती, कारण उद्या एकाने छळ केला तर दुसऱ्याच्या हातात तितकेच ओलीस असणार होते.

सार्वमताचा पर्यायही पुढे आला. अमेरिकन आणि सोव्हिएत रेषांच्या मधल्या पट्ट्यात मतदान घ्यावे असे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी सुचवले होते. इटलीने याचा आग्रह धरायला हवा होता, असे आज सहज वाटते. पंतप्रधान दे गास्पेरी मात्र कचरत होते, आणि त्याचे कारण दुसऱ्या टोकाच्या सीमेवर होते. एकदा सार्वमताचा पायंडा पडला, तर उत्तरेकडील जर्मनभाषक दक्षिण टायरोलही तेच मागणार आणि बहुधा ऑस्ट्रियाकडे जाणार. दे गास्पेरी स्वतः शेजारच्या ट्रेंटिनोचे, ऑस्ट्रियन राजवटीत व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले. भाषिक अल्पसंख्याक असणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. ५ सप्टेंबर १९४६ रोजी त्यांनी ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ग्रूबर यांच्याशी करार केला आणि दक्षिण टायरोलच्या जर्मनभाषकांना शाळा, द्विभाषिक कारभार व स्वायत्ततेची हमी दिली. पूर्व सीमेवरच्या इटालियनांसाठी त्याच वर्षी असे काही मिळवता आले नाही.

उरलेला पर्याय म्हणजे वादग्रस्त तुकडा कुणालाच न देणे. जुलै १९४६ मध्ये परिषदेने फ्रेंच रेषा उचलली आणि तिच्या पश्चिमेचा, त्रिएस्तेच्या आसपासचा पट्टा ‘स्वतंत्र प्रदेश’ करण्याचे ठरवले.

काय केले गेले

१० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये शांतता तह झाला आणि १५ सप्टेंबरपासून तो लागू झाला. इस्त्रियाचा बहुतेक भाग, पोला आणि फिउमे (आजचे रिएका) हे बंदर युगोस्लाव्हियाकडे गेले. गोरित्सिया शहर इटलीकडे राहिले, पण त्याचा पूर्वेकडचा मुलूख तुटला, आणि जवळच्या मिरेन गावात तर सीमेची रेषा स्मशानभूमीतील थडग्यांमधून गेली.

या तहातले १९ वे कलम मला निर्णायक वाटते. १० जून १९४० रोजी हस्तांतरित प्रदेशात राहत असलेला इटालियन नागरिक आपोआप नव्या राज्याचा नागरिक होणार होता. मात्र अठरा वर्षांवरील ज्या व्यक्तीची ‘नेहमीची भाषा’ इटालियन आहे, तिला एका वर्षाच्या आत इटालियन नागरिकत्व निवडता येणार होते. आणि असा पर्याय निवडणाऱ्याला वर्षभरात इटलीला निघून जायला सांगण्याचा अधिकार नव्या राज्याला होता. पतीने निवडलेला पर्याय पत्नीला बंधनकारक नव्हता. वडिलांचा पर्याय अठरा वर्षांखालील अविवाहित मुलांना लागू होत असे.

हे कलम एका घराला लावून पाहू. उदाहरण कल्पित आहे, तरतुदी खऱ्या आहेत. पती किनाऱ्यावरच्या गावातला, इटालियन बोलणारा दुकानदार. पत्नी तीन कोसांवरच्या क्रोएशियन खेड्यातली, सासरी इटालियन बोलणारी, माहेरी क्रोएशियन. पतीने इटालियन नागरिकत्व निवडले तर दुकान सोडावे लागण्याची शक्यता. पत्नीने स्वतंत्र अर्ज करायचा, तर तिची ‘नेहमीची भाषा’ कोणती हे स्थानिक युगोस्लाव्ह कचेरी ठरवणार. अनेक अर्ज खरोखरच या कारणावरून फेटाळले गेले की अर्जदार मुळात स्लाव्ह आहे, आणि त्यासाठी आडनावाचाही आधार घेतला गेला. ज्यांचे आडनाव इटालियन राजवटीत बदलले होते, त्यांना ते जुने की नवे, यावरही वाद घालावा लागला. अशा तक्रारी इतक्या साचल्या की १९५१ मध्ये दोन्ही देशांना पर्यायाची मुदत पुन्हा खुली करावी लागली.

पोलाने कलम लागू होण्याची वाटही पाहिली नाही. १८ ऑगस्ट १९४६ रोजी तिथल्या व्हेर्गारोल्ला किनाऱ्यावर, पोहण्याच्या शर्यतींना जमलेल्या गर्दीत, निकामी केलेल्या समजल्या जाणाऱ्या सागरी सुरुंगांचा स्फोट होऊन साठांहून अधिक माणसे मेली. त्यामागे कुणाचा हात होता यावर आजही वाद आहे. गावकऱ्यांच्या मनात मात्र तेव्हाच उत्तर पक्के झाले होते. १९४७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘तोस्काना’ हे जहाज व्हेनिस आणि अँकोनाकडे खेपा करीत राहिले. लाकडी पेट्या, खिळे, कपाटे, शिवणयंत्रे यांनी धक्का भरून गेला. राष्ट्रीय हुतात्मा मानल्या गेलेल्या नात्सारियो साऊरो यांची शवपेटीही उकरून सोबत नेण्यात आली. तीस हजारांहून थोड्या अधिक वस्तीपैकी सुमारे २८ हजार लोक निघून गेले. निर्वासितांनी त्रिएस्तेच्या जुन्या बंदरात ठेवलेले सामान, नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या खुर्च्या आणि पलंग, अनेकांनी परत नेलेच नाही. ते दशकानुदशके गोदामात पडून राहिले.

स्वतंत्र प्रदेशाची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण तो प्रत्यक्षात आलाच नाही. सुरक्षा परिषदेने गव्हर्नर नेमायचा होता. शीतयुद्धात एकाही नावावर एकमत झाले नाही. त्रिएस्तेसह ‘अ’ क्षेत्र ब्रिटिश-अमेरिकन लष्कराकडे, दक्षिणेचे ‘ब’ क्षेत्र युगोस्लाव्ह लष्कराकडे राहिले. २० मार्च १९४८ रोजी, इटलीतील निवडणूक महिन्यावर आलेली असताना, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सगळा प्रदेश इटलीला द्यावा असे जाहीर केले. मतांसाठी दिलेला हा शब्द तीन महिन्यांत अंगाशी आला: जूनमध्ये युगोस्लाव्हियाचे नेते तितो आणि स्टालिन यांचे बिनसले आणि पाश्चिमात्यांना तितोला सांभाळणे भाग पडले. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी ‘अ’ क्षेत्र इटलीला सोपवण्याची घोषणा झाली, तेव्हा दोन्ही देशांनी सीमेवर सैन्य आणले; नोव्हेंबरमध्ये त्रिएस्तेच्या रस्त्यांवर सहा निदर्शक गोळीबारात मेले.

यानंतर पद्धत बदलली. १९५४ मध्ये लंडनला अमेरिकेचे थॉम्पसन आणि ब्रिटनचे हॅरिसन यांनी आधी एकट्या युगोस्लाव्हियाशी, व्हेलेबित यांच्याशी, महिनोन्‌महिने बोलणी केली, आणि तो मसुदा हाती आल्यावरच इटलीच्या ब्रोसियो यांना चर्चेला घेतले. सगळे बंद दाराआड. ५ ऑक्टोबर १९५४ च्या सामंजस्य पत्राने ‘अ’ क्षेत्र इटलीकडे आणि ‘ब’ क्षेत्र युगोस्लाव्हियाकडे गेले. त्रिएस्तेच्या दक्षिणेला मुज्या गावाजवळची काही खेडी तेवढी इकडून तिकडे झाली. मुद्दाम तह न करता पत्र केले गेले, म्हणजे दोन्ही सरकारांना आपापल्या संसदेत ‘हे अंतिम नाही’ असे सांगता आले. या पत्राला अल्पसंख्याकांविषयीचे विशेष परिशिष्ट जोडलेले होते: चालू शाळांची नावानिशी यादी, अल्पसंख्याक किमान एक चतुर्थांश असतील तिथे सार्वजनिक पाट्या आणि रस्त्यांची नावे दोन्ही भाषांत, वांशिक प्रमाण बिघडवण्याच्या हेतूने प्रशासकीय हद्दी बदलण्यास मनाई, आणि तक्रारींसाठी दोन्ही देशांची संयुक्त समिती. अंतिम शिक्कामोर्तब १० नोव्हेंबर १९७५ च्या ओसिमो तहाने झाले.

परिणाम

सीमा टिकली, युद्ध टळले. एवढ्यापुरते प्रकरण यशस्वी म्हणावे लागेल. मात्र जी माणसे मोजून रेषा आखली होती, ती रेषेमागे राहिलीच नाहीत. संपूर्ण प्रदेशातून गेलेल्यांची संख्या बहुतेक अभ्यासक दोन लाख ते साडेतीन लाख यांच्या दरम्यान धरतात, आणि त्यात इटालियन बोलणाऱ्यांबरोबर काही स्लोव्हेनियन आणि क्रोएशियनही होते. फ्रेंच रेषेचा समतोल त्यामुळे कोसळला: इटलीतील स्लोव्हेनियन बव्हंशी जागेवर राहिले, युगोस्लाव्हियातील इटालियन एक लहान समाज बनून राहिले. १९९१ नंतर तोही स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया अशा दोन देशांत विभागला गेला. क्रोएशियाच्या २०२१ च्या जनगणनेत १३,७६३ जणांनी स्वतःला इटालियन म्हणून नोंदवले.

राहिलेल्यांच्या वाट्याला मात्र बऱ्यापैकी सोयी आल्या. स्लोव्हेनियाच्या संविधानात इटालियन समाजाला संसदेतील एक राखीव जागा आहे, कोपर (पूर्वीचे कापोदिस्त्रिया) शहरात पाट्या दोन्ही भाषांत असतात, क्रोएशियाच्या संसदेतही त्यांचा एक प्रतिनिधी बसतो. इटलीने स्लोव्हेनियन अल्पसंख्याकांसाठी सविस्तर कायदा केला तो २००१ मध्ये, आणि जाळलेली ‘नारोद्नी दोम’ परत देण्याच्या कागदावर सह्या झाल्या त्या १३ जुलै २०२० रोजी, बरोबर शंभर वर्षांनी.

कोणते निर्णय वेगळे होऊ शकले असते

पहिला निर्णय सार्वमताचा. ते घेतले असते तर इटलीला लाभ झाला असता, असे ठामपणे म्हणता येत नाही; पाहणी मंडळासमोर लोकमत कसे सजले होते ते पाहता मतपेटीवरही लष्करी ताब्याचे सावट पडलेच असते. हा पर्याय सोडल्याचा दोष मी दे गास्पेरींना देणार नाही.

दुसरा निर्णय १९ व्या कलमाचा, आणि इथे माझा आक्षेप पक्का आहे. नागरिकत्व इटालियन आणि वास्तव्य जुन्याच घरी, अशी मुभा दहा-पंधरा वर्षांसाठी तरी ठेवता आली असती. तहाने ती अशक्य केली नव्हती. जायला सांगण्याचा अधिकार राज्याच्या मर्जीवर सोडला होता. पण ज्या कुटुंबाला तीच राजवट भीतीची वाटत होती, त्याच्या दृष्टीने तिच्या मर्जीवर राहणे आणि हद्दपारी यांत फारसा फरक नव्हता. शिवाय भाषा कोणती हे ठरवण्याचे काम त्रयस्थ समितीकडे द्यायला हवे होते. त्रिएस्तेच्या १९१० च्या फेरमोजणीने हा धोका आधीच उघड केला होता.

तिसरा निर्णय संरक्षणाच्या वेळेचा. १९४७ च्या तहात भाषा, वंश, धर्म यांवरून भेदभाव होऊ नये असे सर्वसाधारण वाक्य होते. शाळांची यादी, पाट्यांचे प्रमाण आणि तक्रार ऐकणारी समिती हे १९५४ मध्ये आले, आणि तेही फक्त पूर्वीच्या स्वतंत्र प्रदेशापुरते. यावर एक रास्त हरकत घेता येईल. १९५४ नंतरही ‘ब’ क्षेत्रातील कापोदिस्त्रिया आणि पिरानो इथले बहुसंख्य इटालियन दोन-तीन वर्षांत निघूनच गेले. मग परिशिष्टाचा उपयोग काय? माझे उत्तर असे की, तोवर शेजारी गेले होते, व्यापार राष्ट्रीयीकृत झाला होता, आणि त्याच पत्रात स्थलांतरासाठी एका वर्षाची मुदतही दिली होती. थांबण्याची हमी आणि निघण्याचे दार एकाच कागदावर आले, तेव्हा लोकांनी दार वापरले. दक्षिण टायरोलमध्ये हमी सीमेच्या निर्णयाबरोबरच आली. तिची अंमलबजावणी वादग्रस्त ठरली, पुढे बाँबस्फोटही झाले, पण जर्मनभाषक समाज आपल्या गावांतच राहिला आणि हमी पाळली जात नाही म्हणून १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांपर्यंत प्रश्न नेता आला. पोलाच्या रहिवाशांकडे १९४७ मध्ये बोट ठेवायला असे एकही कलम नव्हते.